शेवटचे वीस मीटर: बोक्यासाठी ट्रॅकरवाली कॉलर घेताना

आमचा गुंड्या पाच दिवस गायब होता. आईचं जेवणात लक्ष नाही, धाकट्याने फोटो लावून पोस्टर छापलेली, मी रोज रात्री टॉर्च घेऊन लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघतेय, आणि सहाव्या दिवशी सकाळी साहेब खिडकीतून आत आले, वजन कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं, अंगाला कुणाच्या तरी टाल्कम पावडरचा वास. म्हणजे कुठेतरी दुसरं घर आहे, तिथे याला दुसरं नाव आहे आणि तिथली माणसं पण "आमचा बोका मधेच गायब होतो हो" असं सांगत फिरत असणार. त्या दिवशी ठरवलं की बास, आता ट्रॅकर.

त्याला आता दहा महिने झाले. तिन्ही प्रकारची यंत्रं वापरून झाली आणि कॉलरी तर पाच, त्यातल्या दोन हरवल्या, एक मी स्वतः कात्रीने कापून फेकली, ते पुढे येईलच. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते बहुतेक कुत्रेवाल्यांचे होते, आणि कुत्र्याचं गणितच वेगळं, कुत्रा भिंतीवर चढत नाही, पाण्याच्या टाकीमागच्या चार बोटं फटीत जाऊन झोपत नाही आणि हाक मारली तर निदान वळून तरी बघतो.

आधी एक घोळ मिटवते. व्हेटकडे जी मायक्रोचिप बसवतात ती ट्रॅकर नाहीये. आई अजूनही म्हणते, "अगं चिप आहे ना त्याला, मग बघ ना मोबाईलवर कुठे आहे." ती चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, आत बॅटरीच नसते, स्कॅनर अगदी अंगाजवळ नेला की त्याच्याच लहरींवर जागी होते, आपला १५ आकडी नंबर सांगते आणि परत गप्प. बोका कुणाला सापडला तर मालक कोण हे कळायला ती पाहिजेच, कारण कॉलर पडते, चिप पडत नाही. पण "आत्ता कुठे आहे" याचं उत्तर तिच्याकडे नाही.

मग उरतात तीन प्रकार. ब्लूटूथ टॅग, जीपीएसवाले, आणि रेडिओवाले. दुकानदार तिन्हीला ट्रॅकरच म्हणतात, आणि तिथेच माणूस फसतो.

मी सुरुवात ब्लूटूथ टॅगने केली कारण सोपा वाटला. हे टॅग स्वतः कुठे आहेत हे त्यांना स्वतःला माहीत नसतं. ते फक्त "मी इथे आहे, मी इथे आहे" असं बारीक आवाजात पुटपुटत राहतात आणि जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनने ते ऐकलं की तो फोन आपलं लोकेशन गुपचूप वर पाठवतो. अॅपलचा एअरटॅग असाच चालतो, एप्रिल २०२१ मध्ये आला, वजन ११ ग्रॅम, नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी साधारण वर्षभर जाते, महिन्याचे पैसे नाहीत. ऐकायला एकदम भारी. पण अॅपल स्वतःच सांगतं की हा वस्तूंसाठी आहे, माणसं आणि प्राणी शोधायला नाही, आणि वापरल्यावर कळतं की ते उगाच कायदेशीर बचाव म्हणून लिहिलेलं नाही. किल्ल्या एका जागी पडून राहतात. बोका रात्री दोनला मोकळ्या प्लॉटमध्ये असतो जिथे एकही फोन फिरकत नाही, आणि मग अॅपमध्ये "शेवटचं दिसलं: ५ तासांपूर्वी" एवढंच. पाच तासांत मांजर काय काय करू शकतं हे ज्याने पाळलंय त्यालाच माहिती.

मी घेतलेला टॅग कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे, पण दिवसा तो खरंच बरा होता. रस्त्यावर वर्दळ असते, दर थोड्या वेळाने ठिपका हलतो, मनाला शांती. घेताना एक मात्र बघा की टॅग तुमच्या फोनशी जुळतो का. एअरटॅग आयफोनवाल्यांचा, सॅमसंगचा स्मार्टटॅग गॅलक्सीवाल्यांचा, आणि गुगलचं अँड्रॉइड फोनांचं जाळं २०२४ मध्ये सुरू झालं, त्यावर चालणारे टॅग वेगळे. आमच्या घरात तीन माणसं आणि तीन जातीचे फोन, त्यामुळे बोका फक्त मलाच दिसायचा आणि मी ऑफिसमध्ये असले की आई दर तासाला फोन करायची. बॅटरी बदलताना पण एक गंमत झाली. हल्ली लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून या बॅटऱ्यांना कडू लेप लावतात आणि त्या लेपामुळे काही टॅगमध्ये बॅटरी नीट टेकतच नाही, एअरटॅगच्या बाबतीत अॅपलनेच तसं सांगितलंय. मी दोन दिवस टॅगला शिव्या देत होते आणि दोष लेपाचा.

आता जीपीएस. यात मजा अशी की पट्ट्यातलं यंत्र उपग्रहाला काहीही पाठवत नाही, फक्त ऐकतं. साधारण २०,२०० किलोमीटर वरून जाणारे उपग्रह वेळ सांगत असतात, त्यातल्या निदान चारांचा आवाज ऐकू आला की आपण कुठे आहोत याचा हिशोब यंत्र लावतं. पण तो हिशोब तुमच्या फोनवर यायचा तर मोबाईल नेटवर्क लागतं, म्हणजे कॉलरच्या आत सिम असतं, म्हणजे महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं आलं. "सबस्क्रिप्शनशिवाय जीपीएस" असं कुणी विकत असेल तर आधी विचारा की बाबा लोकेशन माझ्यापर्यंत येतं कसं, बहुतेक वेळा तो ब्लूटूथ टॅगच निघतो. मांजरांसाठीच वेगळं, छोटं मॉडेल काढणाऱ्या कंपन्या मोजक्याच, ऑस्ट्रियातली ट्रॅक्टिव्ह, फ्रान्समधली वीनेक्ट वगैरे, आणि या गटातली यंत्रं पंचवीस ते तीस ग्रॅमच्या आसपास येतात. घ्यायच्या आधी ते सिम तुमच्या भागात कुठल्या नेटवर्कवर चालतं ते नक्की बघा, कारण कितीतरी देशांत टूजी थ्रीजी बंद झालंय किंवा होतंय आणि जुन्या मॉडेलमध्ये तेवढंच असतं. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर ही कॉलर म्हणजे नुसतं बिल्ला लावलेलं मांजर, हेही डोक्यात ठेवा.

मोकळ्या आकाशाखाली जीपीएस पाच मीटरच्या आसपास बरोबर असतो, आपल्या फोनचंच बघा ना. पण बोका मोकळ्या आकाशाखाली असतो कधी? तो जिन्याखाली असतो, पत्र्याच्या शेडमध्ये असतो, झुडपात असतो, दोन इमारतींच्या बोळात असतो जिथे सिग्नल भिंतींवर आपटून आपटून येतो आणि यंत्राला वाटतं आपण रस्त्याच्या पलीकडे आहोत. पहिल्या आठवड्यात मी अॅप उघडलं तर गुंड्या रात्रभर मेन रोडच्या मधोमध येरझाऱ्या घालत होता, नकाशावर नुसतं कोळ्याचं जाळं, माझ्या पोटात गोळा, चप्पल घालून पळाले आणि धाकट्याने मागून हाक मारली, "ताई, अगं तो माझ्या पांघरुणात आहे." झोपलेलं मांजर घरात असताना नकाशावर असं भटकतं, याला घाबरू नका. चांगल्या यंत्रात घरच्या वायफायची ओळख करून देता येते, म्हणजे वायफायच्या टप्प्यात असला की जीपीएस झोपतो आणि बॅटरीही वाचते. ही सोय नसेल तर ते यंत्र घेऊच नका असं मी म्हणेन, मांजर दिवसाचा बराचसा वेळ लोळतंच, त्या लोळण्यासाठी बॅटरी कशाला जाळायची.

बॅटरीबद्दल डब्यावर जे दिवस लिहिलेत ते नेहमीच्या मोडचे, ज्यात लोकेशन काही काही मिनिटांनी येतं. लाइव्ह मोड चालू केला की दर दोन-तीन सेकंदांनी ठिपका हलतो, बघायला फार छान वाटतं, आणि बॅटरी डोळ्यांसमोर उतरते. मी आधी नादाला लागले होते, ऑफिसात मीटिंगमध्ये खाली फोन धरून बोका कुठल्या गच्चीवर गेला ते बघत बसायचे, संध्याकाळी कॉलर मेलेली आणि बोका बाहेर. त्यामुळे लाइव्ह मोड फक्त प्रत्यक्ष शोधायला बाहेर पडल्यावर.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. एका रात्री अकरा वाजले तरी गुंड्या आला नाही, अॅपमध्ये ठिपका मागच्या गल्लीतल्या एका बंद गाळ्यापाशी, आम्ही तिघं तिकडे. ठिपक्यावर उभी आहे मी. अक्षरशः ठिपक्यावर. बोका नाही. हाका मारल्या, डबा खडखडवला, शटरखालून टॉर्च मारला, काही नाही. ठिपका मधेच पंधरा मीटर डावीकडे सरकतो, आम्ही डावीकडे, परत उजवीकडे सरकतो, आम्ही उजवीकडे, समोरच्या घरातले आजोबा गॅलरीत येऊन आमची कवायत बघतायत. पाऊण तास. शेवटी आईला वरून बारीक म्याव ऐकू आलं, गाळ्याच्या माळ्यावर अडकला होता, दिवसा कुणीतरी उघडलं होतं तेव्हा आत गेला आणि शटर पडलं. जीपीएसने आम्हाला गल्लीपर्यंत आणलं हे खरं, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण गल्लीपासून मांजरापर्यंतचे ते शेवटचे वीस मीटर, तिथे त्याचा काही उपयोग नाही, आणि नकाशाला वर-खाली तर कळतच नाही, तळमजला काय आणि माळा काय, ठिपका एकच.

म्हणून घेताना पहिला प्रश्न हा विचारा की शेवटच्या वीस मीटरला हे यंत्र काय करतं. वाजतं का? किती जोरात? दिवा लागतो का? अॅपमधून लावता येतो का? माझ्या पहिल्या जीपीएसचा आवाज हा घड्याळाच्या अलार्मच्या चौथ्या भागाइतका, केसाळ मानेखाली दबला की संपलं. आवाजाचा एक दुसरा उपयोग आहे, तो मला फार उशिरा सुचला. रोज खायला घालताना आधी तो टॅग वाजवायचा आणि मग वाटी ठेवायची, दोन-तीन आठवड्यांत मांजराच्या डोक्यात बसतं की गळ्यात वाजलं म्हणजे खाऊ. आता तो वाजला की गुंड्या स्वतःच पळत येतो. दहातल्या सहा वेळा म्हणू, बोका आहे शेवटी.

रेडिओवाला प्रकार याच वीस मीटरसाठी आहे. यात नकाशा नाही, अॅप नाही, सिम नाही. हातात रिमोटसारखं एक यंत्र आणि गळ्यात पाच-सहा ग्रॅमचा टॅग, हात फिरवत गोल वळायचं, ज्या दिशेला टॅग त्या दिशेला बीप वाढतात आणि दिवे लाल-पिवळ्याचे हिरवे होतात. ब्रिटनचा टॅबकॅट या प्रकारातला, कंपनी मोकळ्यात शंभर-दीडशे मीटरच्या आसपास पल्ला सांगते, भिंती मधे आल्या की कुठल्याही रेडिओचा पल्ला कमी होणारच. गुंड्या शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला तर याचा शून्य उपयोग. पण मांजरं तशी जातात का? २०२० मध्ये सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस बांधून केलेला अभ्यास आहे, त्यात सरासरी वावर निघाला ३.६ हेक्टर, आणि बहुतेक मांजरं बराचसा वेळ घरापासून शंभर मीटरच्या आतच होती. आणि हरवलेल्या मांजरांवरचा २०१८ चा एक अभ्यास आहे, जी सापडली त्यातली तीन चतुर्थांश निसटलेल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत सापडली. म्हणजे मी जे पाच दिवस लांब लांब पोस्टर लावत फिरत होते ते चुकलंच, शेजारच्या चार घरांच्या बेल वाजवायला हव्या होत्या.

वजनाचं सगळे विचारतात म्हणून सांगते. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांजरांना वेगवेगळ्या वजनाच्या कॉलरी बांधून बघितल्या आणि अंगाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका असं सांगितलं. गुंड्या सव्वाचार किलोचा, म्हणजे ८५ ग्रॅमपर्यंत मुभा, तीस ग्रॅमचं यंत्र कुठेच नाही. कागदावर. प्रत्यक्षात वजनापेक्षा आकार त्रास देतो. पहिलं जीपीएसचं यंत्र चपटं, लांबट, सरळ पट्टीसारखं होतं, मानेला गोलाई आणि पट्टीला नाही, त्यामुळे ते एका बाजूला कलंडून हनुवटीखाली यायचं आणि खाताना वाटीवर टक टक टक. दोन दिवसांनी त्याने खोल वाटीत तोंड घालणंच बंद केलं, आम्हाला वाटलं आजारी पडला, व्हेटकडे नेऊन आलो. उथळ बशी दिली तर बशी साफ. तुमचं मांजर अडीच-तीन किलोचं असेल, किंवा पिल्लू असेल, तर डब्यावर किमान वजन लिहिलेलं असतं ते पाळा आणि शक्यतो किंचित वाकडा आकार असलेलं यंत्र बघा.

आणि क्लिप. यंत्राच्या आतल्या चिपपेक्षा मी आता क्लिपला जास्त मार्क देते. मांजराची कॉलर ओढ बसली की स्वतःहून सुटलीच पाहिजे, नाहीतर फांदीला किंवा कुंपणाला अडकून फास बसतो. बेल्टसारखं भोकाचं बकल नको. इलास्टिकवाली पण नको, ती ताणली जाते, मांजर पुढचा पाय त्यात घालतं आणि पट्टा काखेत रुतून जखम होते, आमच्या व्हेटने अशा दोन केस सांगितल्या आणि घरी येऊन मी आमची इलास्टिकची कात्रीने कापली, तीच ती. "सेफ्टी" असं लिहिलेल्या क्लिपवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी घरी एक टेस्ट केली, कॉलर दाराच्या कडीला अडकवली आणि खाली दोन लिटरची भरलेली बाटली टांगली. बोक्याच्या निम्म्या वजनालाही जी क्लिप सुटत नाही ती बोका लटकला तर काय सुटणार? तीनातली एक दहा मिनिटं तशीच लटकत राहिली, ती ट्रॅकरसोबत आलेली होती बरं का. दुसरी क्लिप बाटली सोडल्या सोडल्या सुटली, आणि पाणी सांडलं ते वेगळंच. घट्टपणा किती, तर दोन बोटं जातील इतका. सैल ठेवलेली कॉलर जास्त धोक्याची, जबडा अडकतो.

सुटणाऱ्या क्लिपची किंमत मोजावी लागते अर्थात. एका दुपारी ठिपका सहा तास एकाच जागी. हलत नाही. मांजर झोपतं, पण सहा तास, भर उन्हात, मोकळ्या प्लॉटच्या कडेला? मी अर्धा दिवस टाकून आले, रस्ताभर डोक्यात नको नको ते, आणि तिथे बोगनवेलीच्या काट्यांत कॉलर लटकलेली, यंत्र इमानेइतबारे लोकेशन पाठवतंय, क्लिप उघडी. बोका घरी फ्रीजवर. धाकटा म्हणाला, "एवढं महाग यंत्र, घट्ट क्लिप लाव ना." मी म्हटलं, ही कॉलर तिथे लटकलीये ना, त्याच्या जागी तो लटकला असता. त्यानंतर तो विषय घरात परत निघाला नाही. दुसऱ्या दोन कॉलरी गेल्या त्या मात्र गेल्याच, त्यात ब्लूटूथवाला टॅग पण गेला, अजून कुठल्यातरी पन्हळीत पुटपुटत असेल.

सवय लावायला घाई करू नका. आधी आठवडाभर नुसती हलकी कॉलर, यंत्राशिवाय. पहिल्या दिवशी मांजर मागे मागे चालतं, पाय तुटल्यासारखं आडवं पडतं, असं नाटक करतं की आपल्याला अपराधी वाटावं. गुंड्याने अडीच तास फरशीवर पसरून आमच्याकडे पाहिलंच नाही, मग खाऊचा डबा उघडल्याचा आवाज झाला आणि पाय आपोआप बरे झाले. यंत्र लावल्यावर मानेखालची कातडी दर दोन-चार दिवसांनी केस बाजूला करून बघा, घासून लाल होतंय का. वॉटरप्रूफचा आकडा पण बघून घ्या, आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेवढं पुरे, आमच्याकडे त्याहून जास्त वेळ पाण्यात राहिला असता तर ट्रॅकरपेक्षा मोठा चमत्कार झाला असता.

सध्या काय वापरतोय, तर बाहेर जायच्या वेळी जीपीएस, साधारण २७ ग्रॅमचा, वायफाय ओळखणारा, आणि त्याच कॉलरला रेडिओचा छोटा टॅग. दोन्ही मिळून पण दोन टक्क्यांच्या खूप खाली. जीपीएसला मी पाचातले साडेतीन देईन, अर्धा कापला तो भाड्यासाठी आणि एक आवाजासाठी. रेडिओला चार. ब्लूटूथ टॅगला बोक्यासाठी दोन, पण घराबाहेर न जाणाऱ्या, फक्त कपाटात आणि पलंगाच्या खणात हरवणाऱ्या मांजरासाठी चार, त्यांना दुसरं काही लागतच नाही. ज्यांचं मांजर गॅलरीच्या पुढे जात नाही त्यांनी जीपीएसवर पैसे घालवू नयेत, घराच्या आत तो धड चालतच नाही.

आणि हो, दुसरं घर सापडलं. आठवडाभराचा नकाशा एकावर एक ठेवून बघितला तर दोन जागी दाट ठिपके, एक आमचं घर, दुसरं इथून तिसऱ्या बिल्डिंगचा तळमजला, दुपारी साडेबारा ते चार, अगदी ड्युटीवर गेल्यासारखा. अजून आम्ही बेल वाजवलेली नाही, आई म्हणते जाऊ दे, लाजतील बिचारे. पण मागच्या मंगळवारी तो तिकडून आला तेव्हा कॉलर गळ्यात उलटी होती, यंत्र मानेच्या वरच्या बाजूला, आणि क्लिप शेवटच्या खाचेत घट्ट दाबून लावलेली. दोन बोटं घालून बघितली तर बरोब्बर जात होती.